झाकलेला ढीग

गेल्या वर्षी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी पावणेअकरा वाजता, माझे वडील घरामागच्या शेडमधून बाहेर आले, बॉयलरच्या खोलीच्या पायरीवर बसले आणि त्यांना उठता येईना. हातात फावडं होतं, ते त्यांनी सोडलं नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि बाहेर गेले. त्यांचे ओठ निळसर दिसत होते.

"जरा दम लागलाय," ते म्हणाले. एवढे तीन शब्द बोलायला त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागलं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी रुग्णवाहिका आली. तिच्यातल्या बाईंनी त्यांच्या बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा चौऱ्याऐंशी आला. त्यांनी बोट पुसलं, दुसऱ्या बोटाला लावून पाहिला. तोच आला. फावडं मी त्यांच्या हातातून काढून भिंतीला टेकवलं.

आम्ही न्यूझीलंडमध्ये, वाइरारापात राहतो. वेलिंग्टनहून डोंगर ओलांडला की हा सपाट, वाऱ्याचा मुलूख लागतो. त्याआधी सहा वर्षं आम्ही वेलिंग्टनजवळ, लोअर हटला भाड्याच्या घरात होतो. ते घर दमट होतं. हिवाळ्यात, म्हणजे इकडे जून ते ऑगस्ट, सकाळी उठून खिडक्यांच्या काचा आतून पुसायच्या, हे रोजचं काम होतं, आणि कपाटाच्या मागच्या भिंतीवर दर जूनमध्ये काळी बुरशी यायची. मुलीचा खोकला ऑक्टोबरपर्यंत टिकायचा. म्हणून घर घ्यायची वेळ आली तेव्हा नवऱ्याने खोल्या मोजल्या नाहीत, घर गरम कसं होतं ते आधी विचारलं.

या घराला लाकडाच्या ढलप्यांवर चालणारा बॉयलर होता. इकडे बहुतेक घरांत हीटपंप, म्हणजे गरम हवा सोडणारा एसी, असतो, नाहीतर बैठकीच्या खोलीत लाकडाचे ओंडके जाळायची शेगडी. ढलप्यांचे बॉयलर शाळांत आणि मोठ्या इमारतींत असतात, घरात फार कमी. आधीच्या मालकाचं घर मोठं होतं आणि शेताच्या कडेने वारा अडवायला लावलेली पाइनची झाडं त्याच्याकडे भरपूर होती, म्हणून त्याने तो बसवला होता. बॉयलर घरापासून वीस पावलांवर वेगळ्या खोलीत आहे. तिथे गरम झालेलं पाणी जमिनीखालच्या नळातून घरात येतं आणि प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमधून फिरतं. बॉयलरशेजारी लोखंडी पेटी आहे. पेटीत ढलप्या भरायच्या. पेटीच्या तळाशी फिरणारा मळसूत्री दांडा त्या थोड्या थोड्या आत ढकलतो. हिवाळ्यात पेटी आठवड्यातून दोनदा भरावी लागते. पलीकडच्या शेडमध्ये ढीग असतो, तिथून पंधरा-सोळा ढकलगाड्या.

पहिली दोन वर्षं हे काम नवरा करायचा. तो रोज ट्रेनने वेलिंग्टनला जातो, संगणकाचं काम करतो. यंत्राबरोबर आलेलं पुस्तक त्याने सगळं वाचलं होतं. त्यात जाड अक्षरांत लिहिलं होतं, की ढलप्यांमधला ओलावा तीस टक्क्यांच्या आत हवा. ओलावा मोजायचं दोन सुयांचं उपकरण आधीच्या मालकाने खणात ठेवलं होतं. नवरा दर वेळी ते टोचून बघायचा.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी बाबा आले. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. ते सांगलीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहत होते आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी गॅसचा सिलिंडर स्वतः वर नेत होते. हे मला शेजारणीकडून कळलं होतं. तिकीट मी काढलं. विमानतळावर त्यांनी आपली बॅग कोणाला उचलू दिली नाही.

बाबा साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. एकतीस गळीत हंगाम. उसाचा रस काढल्यावर जो चोथा उरतो, ती बगॅस, तीच तिथे बॉयलरमध्ये जाळतात. बाबा तिला चिपाड म्हणायचे. माझ्या लहानपणी ते पाळीवरून घरी आले की त्यांच्या कानामागे, भुवयांत बारीक पिवळट भुसा असायचा. आई त्यांना अंगणातच टॉवेल झटकायला लावायची.

आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी बॉयलरची खोली उघडली. नवरा मागे पुस्तक घेऊन उभा होता. बाबांनी दाराच्या छोट्या काचेतून आतली ज्योत पाहिली, धुराड्याकडे पाहिलं, मग खाली बसून राखेचा डबा ओढला आणि राख दोन बोटांत चोळली.

"छोटा आहे, पण गडी बरा आहे," ते म्हणाले. "किती प्रेशर?"

"याला प्रेशर नाही, बाबा. नुसतं गरम पाणी. वाफ नाही."

"वाफ नाही? मग बॉयलर कसला? बंब आहे म्हणा."

नवरा हसला. त्या दिवसापासून आमच्या घरात बॉयलरला बंब म्हणू लागले. मुलगी बारा वर्षांची आहे, मराठी तिला कळतं पण उत्तर ती इंग्रजीत देते. तीसुद्धा 'द बंब' म्हणू लागली.

दहा दिवसांत काम बाबांकडे गेलं. कोणी दिलं नाही, कोणी मागितलं नाही. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी नाश्ता झाला की ते जुना स्वेटर चढवून मागे जायचे. काम झाल्यावर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात निळ्या पेनाने बरोबरची खूण करायचे. कारखान्यात लॉगबुक असायचं, इथे कॅलेंडर. त्याच कॅलेंडरवर कचऱ्याच्या गाडीचा वार, मुलीचा पोहण्याचा क्लास, माझ्या कामाच्या पाळ्या असं सगळं लिहिलेलं असे. मी पुण्यात एका दैनिकात सोळा वर्षं उपसंपादक होते. इथे आठवड्यातून तीन दिवस एका दवाखान्याच्या स्वागतकक्षात बसते.

मुलीने एकदा मला विचारलं, "व्हाय इज आजोबा सो हॅपी अबाउट शव्हलिंग?" मी तिला काहीतरी सांगितलं. काय ते आठवत नाही. बाबा खुशीत होते हे मात्र खरं होतं. आई गेल्यानंतर फोनवर ते दोन वाक्यांत बोलणं संपवत. आता जेवताना धुराचा रंग, राखेचा पोत यांवर बोलत आणि जावयाला प्रश्न घालत.

मेच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या शेतकऱ्याने हिवाळ्यासाठी ढलप्या आणून टाकल्या. साठी ओलांडलेला माणूस आहे, गाई पाळतो. दर वर्षी तो वर्षभर वाळलेले ओंडके यंत्रात घालून ढलप्या करून देतो. त्या वर्षी उन्हाळ्यातल्या वादळात त्याची पाइनची एक रांग पडली होती, ती त्याने लगेच फोडली होती. ट्रेलर रिकामा करून तो शेडजवळ उभा राहिला. तो इंग्रजीत बोलत होता, बाबांना त्याचा उच्चार कळत नव्हता, मी दोघांच्या मधे होते.

त्याने तीन गोष्टी सांगितल्या. या वर्षीचा माल जरा ओला आहे. ढीग फार उंच न करता पसरून ठेवा. आणि झाकू नका, वर छप्पर आहे तेवढं पुरे, बाजूने वारा लागू द्या.

त्याचं पहिलं वाक्य संपल्यावरच बाबांनी मला विचारलं, "काय म्हणतोय गडी?"

"जरा ओला आहे म्हणतात."

बाबांनी ढिगातली एक मूठ उचलली, घट्ट आवळली, उघडली. कारखान्यात बगॅसचा ओलावा असाच बघत. ढलप्या तळहातावर सुट्या पडल्या. "हे ओलं? पन्नास टक्क्यांची बगॅस जाळलीय मी. त्याला सांग."

एवढ्यात शेतकऱ्याने बाकीची दोन वाक्यं सांगून टाकली होती. त्याने मला विचारलं, म्हातारबुवा काय म्हणतात. मी सांगितलं, याहून ओलं जाळलंय म्हणतात. तो मोठ्याने हसला, 'गुड ऑन हिम' म्हणाला आणि बाबांचा हात हलवून गेला. बाबांचा चेहरा उजळला होता. ट्रेलर फाटकाबाहेर जाईपर्यंत ते हात वर करून उभे होते.

उरलेली दोन वाक्यं मी त्यांना सांगितली नाहीत.

पुढच्या आठवड्यात दक्षिणेकडून वारा सुटला. तो इकडे थंडी आणि आडवा पाऊस घेऊन येतो. शेडला तीन बाजूंनी पत्रा आहे, चौथी बाजू उघडी, आणि पाऊस त्या बाजूने ढिगावर येत होता. बाबा खिडकीत उभे होते.

"चिपाड भिजतंय."

"थोडंच भिजतंय, बाबा."

"थोडंच म्हणजे? पाऊस लागायच्या आधी चिपाडाचा यार्ड झाकला नाही तर आमचा चीफ केमिस्ट सगळ्यांसमोर सोलायचा. ताडपत्री कुठे मिळते इथे?"

नवरा म्हणाला, "पुस्तकात तसं काही दिलेलं नाही."

"पुस्तकात कारखाना पण दिलेला नाही, जावईबापू." मग त्यांनी कुंपणापलीकडे बोट केलं. शेजाऱ्याच्या शेतात चाऱ्याचा लांब ढीग होता, काळ्या प्लास्टिकने झाकलेला, वर जुने टायर ठेवलेले. "तो बघा. त्याला कळतंय ते तुम्हाला कळत नाही."

तो चारा मुद्दाम हवाबंद करून आंबवलेला असतो, गाईंसाठी. हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. नवऱ्याने ते सांगितलं. बाबा म्हणाले, झाकणं ते झाकणं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात घेऊन गेले. ताडपत्र्यांच्या रांगेसमोर मला शेजाऱ्याचं तिसरं वाक्य आठवलं. शब्दन् शब्द आठवलं. बाबा एका ताडपत्रीची किनार बोटांनी चाचपत होते, कड्या किती अंतरावर आहेत ते बघत होते. "ही घे," ते म्हणाले. मी घेतली. घरी आल्यावर आम्ही दोघांनी मिळून ती ढिगावर ओढली. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी. कडेने त्यांनी विटा लावल्या, कुठे फट राहू दिली नाही. काम चांगलं झालं होतं.

जूनच्या सुरुवातीला रेडिएटर कोमट पडू लागले. धुराड्यातून पांढरा, दाट धूर येई. नवऱ्याने सुया टोचल्या, उपकरणाने एक्केचाळीस दाखवलं. बाबा म्हणाले, सुई टोचून चिपाड कळत असतं तर कारखान्याने माणसं कशाला ठेवली असती. त्यांनी आत जाणारी हवा वाढवली, राख दोनदा काढू लागले, आणि ढीग पेटीत भरण्याआधी फावड्याने वर-खाली करू लागले, म्हणजे खालचा माल वर येऊन सुकेल. ताडपत्री उचलली की आतून वाफ निघे. मुलगी एकदा शेडच्या तोंडाशी उभी राहून म्हणाली, "इट स्मेल्स लाइक मश्रूम्स."

"काय म्हणते?"

"अळंब्यांचा वास येतोय म्हणते."

"ताजा माल आहे म्हणून," बाबा म्हणाले. ढलप्या फेकताना पिठासारखी पांढरी धूळ उडायची. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकलेला असे, नाकाला लावलेला मी पाहिला नाही.

ताप पहिल्यांदा आला तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. संध्याकाळी थंडी वाजून, अंग मोडून, कोरडा खोकला. सकाळी उतरला. मी कॅलेंडरवर त्या चौकोनात लाल पेनाने आकडा लिहिला, शंभर पूर्णांक चार दशांश. त्यानंतर पुन्हा आला, पुन्हा गेला. आम्हाला वाटलं हवामान. त्यांना थंडीची सवय नाही, आणि घर पहिल्यासारखं गरम होत नव्हतं. बाबांना मात्र एकच म्हणायचं होतं, की घर गार आहे म्हणून मला ताप येतो, तर बंब नीट पेटला पाहिजे. म्हणून ते शेडमध्ये जास्त वेळ घालवू लागले.

महिन्याच्या शेवटी मी त्यांना गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली. धूम्रपान करता का, विचारलं. नाही. धुळीत वगैरे काम करता का, असं विचारलं. मी ते मराठीत सांगितलं. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाही. रिटायर आहे म्हणावं."

मी तसंच सांगितलं.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "शेडचं सांगायला हवं होतं का?"

"वेडी आहेस? व्हिजिटर व्हिसा आहे माझा. पुतण्याने बजावून सांगितलंय, तिकडे काम करताना धरलं की सरळ विमानात बसवून देतात."

"घरच्या घरी फावडं मारणं म्हणजे काम नव्हे, बाबा."

"मग काय खेळ आहे?"

मी हसले. तेही हसले आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. फाटक येईपर्यंत ती चालली.

जुलैमध्ये त्यांचं वजन कमी झालेलं दिसू लागलं. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने नवीन भोक पाडलं. ढकलगाड्या पंधराच्या जागी नऊ-दहाच होत, बाकीच्या ते दुपारी करीत. नवरा म्हणाला, आता मी करतो. "तुम्ही ट्रेन सांभाळा," बाबा म्हणाले. मी मधे पडले नाही. मला वाटत होतं, हे काम काढून घेतलं तर ते सांगलीच्या खोलीत बसायचे तसे इथे बसतील. मंगळवारी सकाळी ते पायरीवर बसले, ते यानंतर.

इस्पितळात दुपारी त्यांच्या छातीचा फोटो काढला, मग स्कॅन. संध्याकाळी एक डॉक्टर आल्या. त्या मूळच्या नागपूरच्या होत्या. बाबांच्या कागदावरचं जन्मगाव वाचून त्यांनी सरळ मराठीत सुरुवात केली.

"काका, घरी कबुतरं आहेत? पाळलेली, किंवा बाल्कनीत घाण करणारी?"

"नाही."

"कूलर? गवताचे पडदे असतात तो? आमच्याकडे नागपूरला छातीचं दुखणं घेऊन माणूस आला की पहिला प्रश्न कूलरचा असतो."

"सांगलीत कशाला कूलर?"

"काम काय करायचात?"

"साखर कारखाना. बॉयलरवर. एकतीस वर्षं."

डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. "म्हणजे बगॅस."

"हो."

"ते सोडून किती झाली?"

"सोळा."

"मग इतक्या वर्षांनी एकदम हे कसं? इथे काय करता?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नाकात ऑक्सिजनची नळी होती, तरी त्यांनी मान बारीक हलवली. नको, अशी. मी डॉक्टरांना शेडचं सांगितलं. ढलप्या, ताडपत्री, वाफ, पांढरी धूळ, मंगळवार आणि शनिवार. डोळे मिटून बाबा म्हणाले, "संपलं."

"काय संपलं, काका?"

"व्हिसा."

डॉक्टरांना ते काय म्हणतात ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, "काका, मी फुप्फुसं बघते. पासपोर्ट बघणारे दुसरे असतात. आणि ते इथे वर येत नाहीत, त्यांना लिफ्ट सापडत नाही." बाबा हसले नाहीत. डॉक्टरांनी मला विचारलं, ताप कोणत्या वारी यायचा?

मला सांगता येईना. मी नवऱ्याला फोन केला आणि त्याने कॅलेंडरच्या जून-जुलैच्या पानांचा फोटो काढून पाठवला. डॉक्टरांनी तो फोनवर मोठा करून पाहिला. लाल आकडे अकरा होते. अकराही आकडे निळ्या खुणा असलेल्या चौकोनांत होते. दोन निळ्या खुणांजवळ आकडा नव्हता. त्या दोन्ही दिवशी माझी संध्याकाळची पाळी होती आणि ताप कोणी मोजला नव्हता.

ते कॅलेंडर आमच्या फ्रिजच्या दारावर होतं. दिवसातून दहा वेळा मी ते बघत होते. माणूस काय म्हणतो ते लिहून घ्यायचं, मग कधी आणि कुठे ते ताडून पाहायचं, हे मी सोळा वर्षं पगार घेऊन केलं होतं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. ओला, दाबून झाकलेला ढीग आतून तापतो आणि त्यात बुरशी वाढते. तो उचकटला की तिची धूळ उडते. काहींच्या फुप्फुसांना ती सोसत नाही, काही तासांनी ताप येतो, आणि पुन्हा पुन्हा होत राहिलं तर फुप्फुसात व्रण राहतात. बगॅसनेही हेच होतं. कारखान्याने बाबांची छाती आधीच तयार करून ठेवली असेल, असू शकेल, नक्की सांगता येत नाही. औषध स्टिरॉइड. आणि त्या शेडमध्ये पुन्हा जायचं नाही.

बुधवारी सकाळी नवरा नाका-तोंडाला घट्ट बसणारा मास्क लावून शेडमध्ये गेला आणि ताडपत्री काढली. शेजारी आपलं लोडर घेऊन आला होता. मी दूर, कुंपणाजवळ उभी होते. ढिगाच्या मधोमध पांढरे थर होते, कोबीच्या पानांसारखे एकावर एक. वाफ छपरापर्यंत गेली.

शेजाऱ्याने इंजिन बंद केलं आणि विचारलं, ही शीट कोणी घातली?

"मी," मी म्हटलं.

त्याने पांढऱ्या थरांकडे वाकून पाहिलं. मग म्हणाला, त्या दिवशी तो मालच द्यायला नको होता. इंजिन चालू करून त्याने सगळा ढीग चार फेऱ्यांत उचलला आणि दूरच्या कुरणात पसरून टाकला. हिवाळ्याचे उरलेले दिवस बॉयलर बंद राहिला. बैठकीच्या खोलीत आम्ही हीटपंप बसवून घेतला आणि चौघांच्या गाद्या तिथे आणल्या.

बाबा इस्पितळात नऊ दिवस होते. चौथ्या दिवशी दुपारी त्यांना बसून बोलता येऊ लागलं. त्यांच्या हातात चहाचा कागदी कप होता. मी म्हटलं, "बाबा, ढीग टाकला त्या दिवशी तो शेतकरी आणखी काही म्हणाला होता."

"काय?"

"झाकू नका म्हणाला होता. वारा लागू द्या म्हणाला होता."

"कधी?"

"तिथेच. तुम्ही मूठ आवळून बघत होतात तेव्हा."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"नाही."

"ताडपत्री घ्यायला आलीस, तेव्हा लक्षात होतं?"

"होतं."

त्यांनी कप बाजूच्या टेबलावर ठेवला. नळी नाकात नीट केली. "का?"

"परक्या माणसाने तुम्हाला तुमच्याच कामात शिकवावं, हे मला बरं वाटलं नाही."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर गाड्या लावायची जागा होती. "तुमच्या पेपरात चुकीचं छापून आलं की काय करायचात?"

"दुसऱ्या दिवशी खुलासा द्यायचो."

"कुठे?"

"आतल्या पानावर. खाली."

"हं. मग हा आतल्या पानावरचा." नंतर थोड्या वेळाने म्हणाले, "तू सांगितलं असतंस तरी मी झाकलंच असतं. त्याला काय कळतंय, गाईवाल्याला." आणि आणखी थोड्या वेळाने, "पण सांगायला पाहिजे होतंस." परिचारिका आली, तिने बोटाला चिमटा लावला. ब्याण्णव.

घरी आल्यावर ते मागच्या दाराने बाहेर गेले नाहीत. बैठकीच्या खोलीत हीटपंपखाली बसून राहत. नवऱ्याने त्यांना पुस्तक आणून दिलं, बॉयलरचं. त्यांनी चित्रं पाहिली. एका चित्रावर बोट ठेवून त्याला म्हणाले, "इथे झडप उलटी दाखवलीय." नवऱ्याने पाहिलं. झडप बरोबर होती. तो म्हणाला, "हो, बाबा, उलटी आहे."

सप्टेंबरच्या शेवटी ते परत गेले. विमानतळावर त्यांनी चाकाची खुर्ची नाकारली नाही. बॅग नवऱ्याने उचलली. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट तपासून परत दिला आणि 'सेफ ट्रॅव्हल्स' म्हणाली. बाबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिने त्यांना काही विचारलं नव्हतं.

या वर्षी मेमध्ये शेजाऱ्याने वर्षभर वाळवलेला माल आणून टाकला. शेडच्या उघड्या बाजूला नवऱ्याने फळ्यांची जाळी लावली आहे, पाऊस अडतो, वारा जातो. ढीग छातीच्या उंचीचा आहे, त्यावर काही घातलेलं नाही. पेटी मी भरते, मास्क लावून. सांगलीत बाबांचं सकाळचं जेवण होतं त्या सुमारास, दर मंगळवारी आणि शनिवारी, त्यांचा फोन येतो.

"सुई टोचलीस?"

"टोचली."

"किती?"

"तेवीस."

"मूठ बघितलीस?"

"बघितली."

"बरं," म्हणतात आणि फोन ठेवतात. कॅलेंडरवर मी खूण करते, निळीच.

जूनमध्ये सांगलीत त्यांच्या छातीचा स्कॅन पुन्हा झाला. अहवाल त्यांनी मला फोटो काढून पाठवला. नवे व्रण नाहीत. जुने आहेत तेवढेच आहेत. त्यांतले कारखान्याचे कोणते आणि शेडमधले कोणते हे वेगळं सांगता येत नाही, असं शेवटच्या ओळीत लिहिलं आहे. सिलिंडर आता शेजारणीचा मुलगा वर नेतो. दुसऱ्या मजल्यापर्यंत बत्तीस पायऱ्या आहेत. बाबा अकराव्या पायरीवर एकदा थांबतात आणि चोविसावीवर एकदा.